काही नाही, घरीच असते

"आईचा व्यवसाय?" असं मुलांच्या डॉक्टरबाईंनी पहिल्यांदा विचारलं, तेव्हा मी मुलीच्या पायातला मोजा ओढून काढत होते. मान वर न करताच म्हणाले, "काही नाही, घरीच असते." त्यांनी कागदावर तसं लिहिलं आणि पुढचा प्रश्न विचारला, पोट साफ होतं का.

मी खोटं बोलले नव्हते. घरीच असायचे. पण घरी राहून मी काय करते ते त्या दिवशी सांगितलं असतं, तर पुढचे चार महिने वाचले असते. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे ऐकताना माझ्याबद्दल कुणी उगाच चांगलं मत करून घेऊ नये.

मुलगी व्हायच्या आधी मी एका कचेरीत इमारतींचे नकाशे काढायचे. माझी रेघ हलत नाही अशी तिथे ख्याती होती. बाळंतपणानंतर ती नोकरी गेली आणि मग मी तीन ठिकाणी मुलाखती दिल्या. तिन्ही ठिकाणी रेघेबद्दल कुणी विचारलं नाही. विचारलं ते हेच, "घरी लहान मूल आहे का?" मी हो म्हणायची खोटी, की समोरच्याचा चेहरा पडायचा. तिसऱ्या ठिकाणच्या गृहस्थांनी तर माझा अर्ज माझ्यादेखत उलटा करून ठेवला. त्या दिवशी जिना उतरताना मी कानाला खडा लावला. पुन्हा कुणी हा प्रश्न विचारला तर उत्तर ठरलेलं, नाही.

हा प्रश्न पुन्हा विचारला तो काचवाल्या काकांनी.

न्हाणीघराच्या खिडकीची काच फुटली म्हणून मी माप घेऊन त्यांच्या दुकानात गेले होते. मुलगी तेव्हा सव्वा वर्षाची, शेजारच्या आजींकडे ठेवलेली. पुढे साध्या काचा आणि आरसे होते. पण आतल्या दारातून मला निळी काच दिसली, आणि तिच्यावर कटर फिरवणारा त्यांचा उजवा हात. कर्र असा बारीक आवाज आला, मग त्यांनी काचेला खालून टकटक केलं आणि कटरच्या वळणावरून तिचे मुकाट्याने दोन तुकडे झाले. मी माप सांगायचं विसरून गेले. काका जुन्या रंगीत खिडक्या दुरुस्त करायचे, म्हणजे काचेचे तुकडे शिशाच्या खाचेच्या पट्ट्यांत बसवायचे आणि सांध्यांना डाख द्यायचा. शहरात हे काम करणारे ते एकटेच उरले होते.

"मला शिकवाल?" मी विचारलं. नवऱ्याला भाजी सांगावी इतक्या सहज विचारलं, माझं मलाच नवल वाटलं.

त्यांनी आधी माझे हात बघितले. मग म्हणाले, "घरी लहान मूल आहे?"

"नाही."

"नीट सांग, पोरी."

"नाही हो, काका. मी आणि नवरा, दोघंच."

आतल्या दारावर पाटी होती, 'लहान मुलांना आत आणू नये.' मला वाटलं, काचा लागतील म्हणून.

त्यांचं डावं मनगट लोंबायचं. चहाचा कप ते दोन्ही हातांनी धरायचे, तरी थोडा सांडायचाच. हसले की हिरड्यांच्या कडेला निळसर रेघ दिसायची. मी सगळं वयावर ढकललं. दुकानातून निघताना ते सदरा बदलायचे आणि कोपरापर्यंत हात धुवायचे, नखांत ब्रश घालून. मलाही तसंच करायला लावायचे. "शिसं आहे हे, लाडात यायचं नाही त्याच्याशी," म्हणायचे. म्हातारा जरा विक्षिप्त आहे, पण शिकवतो चांगलं, असं मी मनात म्हणायचे आणि हात धुवायचे. दुकानात धुवायचे. घरी बघायला कोण येणार होतं?

सहा महिन्यांत मी घरी काम आणायला लागले. जेवायचं टेबल त्यासाठी उत्तम निघालं. मुलगी दुपारी झोपली की मी वर्तमानपत्र पसरायचे आणि बसायचे. त्या दोन तासांत मी कुणाची कुणी नसायचे. दूध उतू गेलं तर ते वासावरून कळायचं. मला त्या टेबलावर जे सुख मिळालं ते नवऱ्याच्या प्रेमात पडले तेव्हाही मिळालं नव्हतं, आणि हे सांगायची मला आजही लाज वाटत नाही. लाज वाटते ती दुसऱ्या गोष्टीची.

नवरा वीजमीटरची नोंद घ्यायला घरोघर फिरायचा. माणूस स्वभावाने गोड, पण चेष्टेखोर. "आमच्याकडे जेवण उभ्यानेच असतं," तो पाहुण्यांना सांगायचा, "टेबलावर खिडकी झोपलेली असते." पाहुण्यांनी माझ्याकडे बघितलं की मी घाईने म्हणायचे, "काही नाही हो, असंच आपलं काहीतरी करत असते." त्याने काही म्हणायच्या आत मीच स्वतःला खाली बसवायचे. तेवढीच अब्रू राहते असं वाटायचं.

मुलीचं नावही त्यानेच पाडलं होतं, मीटर. कारण ती थांबायचीच नाही. कामावरून आला की दारातूनच विचारायचा, "काय म्हणतंय मीटर?" आणि ती आतून धावत येऊन त्याच्या पायांवर आदळायची.

ती मोठी होत गेली तशी तिची दुपारची झोप कमी झाली, आणि मला तर काम सोडवेना. मग मी टेबलावरून चादर सोडून खाली तिला घर करून दिलं. ती खाली, मी वर. तिच्या घरात एक बाहुली, दोन वाट्या आणि मी कापलेल्या पट्ट्यांचे तुकडे असायचे. शिसं मऊ असतं, बोटांनी वाकतं. एके दिवशी ती रडायला लागली म्हणून मी एका जुन्या पट्टीची बांगडी वळून तिच्या हातात घातली. ती इतकी खूश झाली की रात्री काढू देईना. दात येत होते, तेव्हा तीच चावत बसायची.

"गोद आहे," ती एकदा म्हणाली.

"बांगडी गोड?" मी हसले. "तुला काय, सगळंच गोड लागतं!"

त्याच सुमाराला काकांकडे वाचनालयाच्या जिन्यातली खिडकी आली. नऊ तावदानांची, फार जुनी. आतल्या पट्ट्यांवर पांढरी भुकटी धरली होती. ती पट्टी काढायची, काच घासून स्वच्छ करायची आणि नव्या पट्टीत बसवायची. काका म्हणाले, "सहा तू कर. माझा हात आता दगा देतो." मग म्हणाले, "शेवटच्या तावदानात खालच्या कोपऱ्यात कारागिराचं नाव कोरतात. या वेळी तुझं कोर."

मी घरापर्यंत पायीच आले, बस समोरून गेली तरी. माझं नाव. कुणाची आई, कुणाची बायको अशा पुरवणीशिवाय, नुसतं. शंभर वर्षं तिथे जिना चढणाऱ्या माणसांना ते दिसणार होतं. त्या दिवसापासून त्या कोपऱ्यासाठी मी काय वाटेल ते केलं असतं, आणि केलंच.

भुकटी टेबलावर पडायची, ती मी पिवळ्या फडक्याने पुसायचे. मग तेच फडकं झटकून, संध्याकाळी जेवणाआधी पुन्हा टेबल पुसायचे. वर्षभर. टेबल कसं लख्ख दिसायचं.

मुलगी बारीक झाली. आधी मला वाटलं, उंची वाढतेय. मग पोट दुखतं म्हणून पाय पोटाशी घेऊन पडून राहायला लागली. चार-चार दिवस पोट साफ व्हायचं नाही. तेव्हा आम्ही पहिल्यांदा डॉक्टरबाईंकडे गेलो, मोज्याच्या दिवशी. त्यांनी जंतांचं औषध दिलं.

औषधाने फरक पडला नाही. नवरा दारातून हाक मारायचा आणि ती जागची हलायची नाही. "मीटर मंद चाललंय गं," तो एकदा म्हणाला. चेष्टेच्या सुरात म्हणाला, पण चेहरा चेष्टेचा नव्हता. माझ्या मनात पाल चुकचुकली ती तेव्हा. नक्की कशाबद्दल, ते मी स्वतःला विचारलं नाही. सात तावदानं झाली होती, माझी चार, काकांची तीन. दोनच उरली होती.

शब्दही जायला लागले. आधी ती भेटेल त्याला सांगायची, "माझी आई खिदकी कलते." शेजारच्या आजींना, दूधवाल्याला, कुत्र्यालासुद्धा. मग नुसतं "आई खिदकी" राहिलं. मग ती खिडकीकडे बोट दाखवून "हे... हे..." करायची आणि शब्द सापडला नाही की डोकं भिंतीवर आपटायची.

"थोडे दिवस तुझं ते काम बंद ठेव," नवरा म्हणाला. "पोरीकडे बघ जरा."

"मग काय करतेय मी? डोळ्यात तेल घालून बघतेय! आणि माझं काम आडवं येतं कुठे? तू जातोस ना रोज मीटर बघायला?"

तो चपला घालून बाहेर निघून गेला. मला भांडण जिंकल्याचं समाधान वाटलं, तेही सांगून ठेवते.

दुसऱ्यांदा डॉक्टरबाईंकडे आम्ही दोघं गेलो. त्यांनी डोळ्यांच्या पापण्या खाली ओढून बघितल्या, रक्त कमी आहे म्हणाल्या, लोहाचं औषध लिहिलं. मग पेन थांबवून विचारलं, "घरात कुणाचं रंगाचं, बॅटरीचं, धातूचं असं काही काम?"

"माझं मीटरचं आहे," नवरा म्हणाला, "पण ते नुसतं आकडे लिहायचं. ही मात्र..."

मी टेबलाखालून त्याच्या पायावर पाय दिला. जोरात दिला.

का दिला, याचा मी तेव्हापासून रोज विचार करते. मला माहीत होतं का? पुरतं नव्हतं. पण बाई 'बंद करा' म्हणतील हे मला माहीत होतं. आठवं तावदान टेबलावर होतं आणि नववं काकांच्या फळीवर. पंधरा दिवस हवे होते मला, फक्त पंधरा दिवस.

"ही मात्र काय?" बाईंनी विचारलं.

"काही नाही," मी म्हणाले. "मी घरीच असते."

त्या वाकून मुलीशी बोलल्या. तिच्या मनगटाला हात लावून म्हणाल्या, "बांगडी छान आहे! चांदीची?"

"काही नाही हो, असंच," मी म्हणाले.

बांगडी घासून घासून खरंच चांदीसारखी चकाकत होती. तिच्या कडेवर बारीक दातांचे वण होते. बाईंनी चष्मा काढून ठेवला होता, नाहीतर त्यांना दिसले असते. बाहेर आल्यावर नवरा म्हणाला, "पाय का दिलास?" मी म्हटलं, "उगाच कशाला पाल्हाळ."

आठवं तावदान पूर्ण झालं त्या दिवशी शेजारच्या आजी त्यांच्या मुलाकडे गेल्या होत्या. डाख संपला होता. मी ठरवलं, मुलीला घेऊनच दुकानात जायचं. बाहेरच्या काउंटरशी तिला उभं करायचं, आणि काकांनी विचारलं तर शेजारणीची आहे म्हणायचं. हे वाक्य मी रस्त्याने दोनदा घोकलं. माझ्या पोटची पोर माझं बोट धरून चालत होती, दर दहा पावलांवर दमून थांबत होती, आणि मी ती कुणाची म्हणून सांगायची याचा सराव करत होते.

काका बाहेरच बसले होते. त्यांनी माझ्याकडे बघितलंच नाही. ते मुलीकडे बघत होते. तिच्या तोंडात बांगडी होती.

"हिच्या तोंडात काय आहे?"

"काही नाही, काका, ही शेजार..."

ते उठले. त्यांना इतक्या चपळाईने उठताना मी कधी बघितलं नव्हतं. लोंबत्या हाताने तिची हनुवटी धरली आणि दुसऱ्या हाताने बांगडी काढून घेतली. ती रडली नाही. तिला अंमळ उशिरा कळलं, आणि मग तिने रिकाम्या मनगटाकडे बघितलं.

"कुणाची मुलगी?"

मुलीने ते रिकामं मनगट माझ्यापुढे धरलं.

"माझी," मी म्हणाले.

काकांनी बांगडी उजेडात धरली. दातांचे वण अंगठ्याने चाचपले. "जुनी पट्टी आहे. माझ्याच दुकानातली." मग खाली बसले. "मी तुला विचारलं होतं, पोरी. पहिल्याच दिवशी विचारलं होतं."

"मला वाटलं, तुम्ही मला शिकवणार नाही."

"नव्हतोच शिकवणार," ते म्हणाले. "मूल पाच-सहा वर्षांचं होईपर्यंत नव्हतो शिकवणार. मग शिकवलं असतं. इथे, दुकानात. मी कुठे पळून चाललो होतो?" त्यांनी आपलं मनगट वर उचलायचा प्रयत्न केला. ते उचललं गेलं नाही. "मी मोठेपणी लागलो या कामाला. माझं हे असं झालं. लहान पोरांचं हातावर थांबत नाही. डोक्यात जातं. ती दाराची पाटी काय काचेसाठी लावली होती मी?"

मी दुकानाच्या पायरीवर बसले आणि मुलीला मांडीवर घेतलं. तिच्या मुठी मी माझ्या पदराने पुसल्या, मग लक्षात आलं की हाच पदर सकाळी टेबलाला घासला होता. तिला पुसायला माझ्या अंगावर एकही स्वच्छ चिंधी नव्हती.

तिथूनच मोठ्या इस्पितळात गेलो. नवऱ्याला फोन केला तेव्हा तो कुणाच्या तरी जिन्याखाली मीटर वाचत होता. मी एका दमात सगळं सांगितलं, पायावर दिलेल्या पायासकट. तो म्हणाला, "येतो."

नोंदणीच्या खिडकीतल्या बाईंनी सवयीने विचारलं, "आईचा व्यवसाय?"

"काचकाम," मी म्हणाले. "रंगीत काचा शिशात बसवते. घरी. जेवायच्या टेबलावर."

आयुष्यात पहिल्यांदा मी ते बोलले. ते बोलायची मी किती स्वप्नं बघितली होती! वाचनालयाच्या जिन्यात, चार माणसांत, कुणीतरी विचारेल आणि मी अशी सहज सांगेन. बाईंचं पेन थांबलं. त्यांनी मान वर करून आधी माझ्याकडे, मग कडेवरच्या मुलीकडे बघितलं आणि फोन उचलला.

रक्ताचा आकडा आला तेव्हा तिथले डॉक्टर दोनदा वाचून गेले. अकरा दिवस औषध चाललं. रक्तातलं शिसं उतरतं, ते म्हणाले. नवऱ्याने विचारलं, "आणि जे आधीच झालंय ते?" डॉक्टर म्हणाले, "ते आपण बघत राहायचं." नवरा माझ्यावर ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. त्याने घरी जाऊन टेबल बाहेर काढलं, फरशी तीनदा धुतली, पिवळं फडकं पिशवीत बांधून टाकून दिलं आणि परत येऊन खाटेच्या दुसऱ्या बाजूला बसला. "काय म्हणतंय मीटर?" असं त्याने त्यानंतर कधीच विचारलं नाही.

वाचनालयाची खिडकी दुसऱ्या गावाहून कारागीर बोलावून जिन्यात बसवली म्हणे. शेवटचं तावदान काकांनीच केलं, महिना लागला. खालच्या कोपऱ्यात त्यांनी काहीच कोरलं नाही. तो कोपरा त्यांनी मोकळा ठेवला आहे आणि माझ्यासाठी ठेवला आहे, असा त्यांचा निरोप आला. मी अजून तो जिना चढलेले नाही.

घरी सोडायच्या आदल्या दिवशी एक तरुण डॉक्टर चित्रांचे पुठ्ठे घेऊन आली. मुलीचे किती शब्द शिल्लक आहेत ते तिला मोजायचं होतं. चेंडू आला. मांजर आलं, जरा वेळाने. झाड नाही आलं. खिडकीचं चित्र आलं तेव्हा मी खाटेच्या कडेला पुढे सरकले. मुलगी त्याच्याकडे खूप वेळ बघत राहिली, बोट पुढे केलं, मागे घेतलं.

"बरं, राहू दे," डॉक्टर हसून म्हणाली. पुठ्ठे मिटले आणि तिला लाडाने विचारलं, "आणि आई काय करते गं तुझी?"

माझ्या मुलीचा चेहरा एकदम उजळला. हे तिला येत होतं. तिने माझ्यासारखीच मान खाली घातली, माझ्यासारखाच हात झटकला आणि एकही अक्षर न चुकता म्हणाली,

"काही नाही."